पाठिंब्याच्या पत्रावर सही कोणाची?

निवडणुकीचा दिवस आठ-दहा दिवसांवर आला म्हणजे आपल्या जिल्ह्यात एक निराळेच पीक तरारून येते. ते जाहीर पाठिंब्याचे. अमक्या समाजाच्या संघटनेचा अमक्या उमेदवारास जाहीर पाठिंबा, तमक्या मंडळाचा तमक्यास जाहीर पाठिंबा! पत्र देता-घेताना फोटो निघतो, चौकात फलक लागतो, तोच फोटो मोबाइलवरून घरोघर फिरतो, आणि पारावर बसलेला आमचा सुतार, लोहार, कुंभार, परीट किंवा नाभिक बांधव तो पाहून चकित होतो. अरे, आपण पाठिंबा दिला तरी कधी? सभा कोठे झाली? कोण गेले होते? शेजाऱ्यास विचारावे तर तोही तितकाच अजाण. पत्रावर सही असते ती अध्यक्षांची. आणि हे अध्यक्ष कोणी निवडले म्हणून पुसू लागावे, तर त्याचेही उत्तर मिळत नाही.

आम्ही खेड्यातले शिक्षक. जिल्हा परिषदेचे नोकर असल्यामुळे कोणास मत द्या हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तशी हौसही नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर बसून लोकांच्या बोटास शाई लावणे एवढाच त्या व्यवहारातला आमचा वाटा. परंतु पाठिंबा कोणास द्यावा हे सांगणे निराळे व पाठिंबा ठरवावा कसा याविषयी चार शब्द बोलणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीची चर्चा आपल्यात फार थोडी होते, आणि न झाल्यामुळे गरीब घरांची मते त्यांच्या पाठीमागे विकली जातात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक तालुक्यात काही माणसे अशी असतात, की ती कोणत्याही पक्षाचा झेंडा खांद्यावर घेत नाहीत. पाणलोटाचे काम करणारी, दारूबंदीसाठी झटणारी, दूधउत्पादकांची गाऱ्हाणी मांडणारी, वाचनालय चालविणारी ही मंडळी. ती टोकाचे बोलत नाहीत, कोणाच्या घरावर चालून जात नाहीत. पूर्वी अशांना मवाळ म्हणून हिणवीत. आज कोणी 'तटस्थ' म्हणतो, कोणी कुंपणावरचे म्हणतो. पण निवडणूक आली की ज्यांनी हिणविले तेच पुढारी यांच्या ओसरीवर येऊन बसतात. कारण उघड आहे. दुकानदाराने आपल्याच मालाची स्तुती केली तर तिला कोणी भुलत नाही. शेजाऱ्याने केली तर गिऱ्हाईक दुकानात शिरते. पक्षाच्या कार्यकर्त्याच्या पाठिंब्यास बाजारात किंमत नाही, मधल्या वाटेच्या माणसाच्या पाठिंब्यास आहे. म्हणूनच त्या शेजाऱ्याने माल वापरून पाहिला होता काय, हे आपण विचारले पाहिजे.

या गोष्टीचे सर्वांत मोठे उदाहरण शोधण्यास आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. ते पारनेर तालुक्यातच आहे.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांचे नाव २०११ साली सगळ्या देशाच्या तोंडी झाले. त्या वर्षीच्या १६ ऑगस्टला दिल्लीत लोकपालासाठी सुरू झालेले त्यांचे उपोषण २८ ऑगस्टला सुटले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १३ ऑक्टोबरला, हरियाणात हिसार येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. अण्णांच्या सहकाऱ्यांनी तेथे काँग्रेसच्या उमेदवारास मत देऊ नका असा प्रचार केला. अण्णांनीही तसे आवाहन केले. मत कोणास द्या हे मात्र सांगितले नाही. झाले काय? काँग्रेसचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला व त्याची अनामत जप्त झाली. कुलदीप बिश्नोई सहा हजारांवर मतांनी निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिले अजय चौताला. या चौतालांवर त्या वेळी शिक्षक भरतीतील गैरव्यवहाराचा खटला चालू होता. तीन हजारांवर प्राथमिक शिक्षकांच्या नेमणुकांचे ते प्रकरण. जानेवारी २०१३ मध्ये त्यात त्यांना व त्यांचे वडील ओमप्रकाश चौताला यांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. आम्ही शिक्षक असल्यामुळे हे प्रकरण आम्हांस जास्त झोंबते, हे कबूल आहे. पण शिक्षक नसलेल्यानेही विचार करावा, की भ्रष्टाचाराविरुद्ध उठलेल्या चळवळीने "याला नको" एवढेच सांगितले, तेव्हा ती मते जाणार कोठे होती? एकास पाडा असे म्हणणारा मनुष्य दुसऱ्या कोणास तरी उभे करीतच असतो. त्याने नाव घेतले नाही, म्हणून त्याची जबाबदारी सुटत नाही.

पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये अण्णा व अरविंद केजरीवाल यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. केजरीवालांनी नोव्हेंबरात पक्ष काढला. अण्णांनी आपले नाव व फोटो वापरू नका असे बजावले. ज्या चळवळीत सारा देश एक दिसत होता, तिच्यात निवडणुकीचा प्रश्न येताच फाट पडली. यात नवल काही नाही. उपोषण एका मागणीसाठी असते. उमेदवार हा शंभर गोष्टींचे गाठोडे असतो.

आता २०१४ ची लोकसभा. अण्णांनी सतरा कलमांचा एक कार्यक्रम लिहून पक्षांच्या पुढाऱ्यांस पाठविला. ग्रामसभेस अधिकार व सत्तेचे विकेंद्रीकरण हा त्यांचा आग्रह तर जुनाच. जो ही कलमे मान्य करील त्यास पाठिंबा, अशी ही रीत होती. त्या वेळी पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री असलेल्या ममता बॅनर्जी यांच्याकडून होकार आला. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी दिल्लीत अण्णांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. आपण पक्षाला नव्हे, त्यांच्या विचारांना पाठिंबा देत आहोत असेही सांगितले. १२ मार्चला रामलीला मैदानावर दोघांची सभा ठरली. हेच मैदान २०११ साली माणसांनी फुलले होते. या खेपेस मैदान ओस, आणि अण्णा आलेच नाहीत. प्रकृतीचे कारण सांगण्यात आले. पुढे थोड्याच दिवसांत आपली फसवणूक झाल्याचे सांगून त्यांनी प्रचारातून अंग काढून घेतले. त्या निवडणुकीत ममता बॅनर्जींच्या पक्षास ३४ जागा मिळाल्या, त्या सर्व बंगालात. बंगालबाहेर अण्णांच्या नावाची जेथे खरी गरज होती, तेथे एकही नाही.

अण्णांच्या सचोटीविषयी आम्ही येथे शंका घेत नाही. त्यांनी आपले प्रश्न उघड केले, हे पुष्कळ मंडळांपेक्षा चांगलेच झाले. पण रीत चुकीची असली म्हणजे सचोटीचा माणूसही त्याच खड्ड्यात पडतो, हे या प्रकरणावरून शिकण्यासारखे आहे.

अध्यापक विद्यालयात आम्हांस पहिल्या वर्षीच शिकविले होते, की ज्या प्रश्नाला सगळा वर्ग "होय" म्हणतो तो प्रश्नच नव्हे. ग्रामसभेला अधिकार द्याल काय? होय. भ्रष्टाचार निपटाल काय? होय. शेतकऱ्याचे हित पाहाल काय? होय, होय! यात खोटे बोलणाऱ्याला काही खर्च पडत नाही. आणि उत्तर पत्राने आले, म्हणजे घरी बसून सोडवून आणलेला पेपर. तो कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, हे तपासणाऱ्याला कळत नाही. ज्याने उत्तर धाडले तो पास, ज्याने धाडले नाही तो नापास, असा तो निकाल झाला.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. मत कोणास द्यावयाचे असते? आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारास. पाठिंबा मिळाला मात्र दूरच्या पुढाऱ्यास. दिल्लीत ठरलेली कलमे आपल्या बांधावर किती चालतात, ते एका पाण्यावरून पाहा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. राहुरीच्या शेतकऱ्यास विचारा, तो म्हणेल पाणी सोडू नका. पैठणच्या शेतकऱ्यास विचारा, तो म्हणेल हक्काचे पाणी द्या. दोघेही खरे, दोघेही तहानलेले. एकाच पक्षाचा पुढारी नगरला एक बोलतो व गोदावरीच्या खालच्या अंगास दुसरे बोलतो. सतरा कलमांच्या पत्रात हा प्रश्न बसतच नाही. तो विचारावयाचा तर उमेदवारास समोर बसवून, मुळा व भंडारदऱ्याच्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्या माणसांच्या देखत विचारला पाहिजे.

सर्वांत जास्त नवल आम्हांस वाटते ते हे, की हा पाठिंबा राळेगणातून निघाला. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान ही त्या गावाची पंचसूत्री. कुऱ्हाडबंदी काही पत्राने झाली नाही. ज्याची शेळी बांधावयाची होती, ज्याचे सरपण तुटावयाचे होते, तो माणूस समोर बसलेला असताना ती ठरली, म्हणून टिकली. गावच्या शेळीचा निर्णय सर्वांसमक्ष, आणि देशाच्या मताचा निर्णय एका सहीने! अण्णांसारख्याकडून हे व्हावे, तर बाकीच्या अध्यक्षांची कथा काय?

कोणी म्हणेल, असल्या पाठिंब्याच्या भानगडीत पडूच नये. शेतकरी संघटनेने हाही मार्ग चोखाळून पाहिला. शरद जोशींच्या त्या संघटनेने कांदा-उसाच्या भावासाठी लोक रस्त्यावर आणले आणि ऐंशीच्या दशकात गावोगाव पुढाऱ्यांस गावबंदीच्या पाट्या लावल्या. पुढे त्यांनाही निवडणुकीत कोणाच्या तरी मागे उभे राहावे लागले, आणि अखेर १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढून ते स्वतःच त्या बाजारात उतरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीपायी गावबंदीच्या पाट्या पुन्हा लागल्या. वर्षभराने, विधानसभेच्या वेळी, मनोज जरांगे यांनी कोणत्या जागा लढवावयाच्या हे सांगितले, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, उमेदवारांस अर्ज मागे घ्यावयास लावले. एका जातीच्या बळावर लढता येत नाही असे कारण त्यांनी दिले. ते कारण खरे आहे. पण ज्यांनी पदरचे पैसे मोडून अर्ज भरले त्यांना, आणि ज्यांनी त्यांच्यासाठी घरोघर सांगून ठेवले त्यांना, ते आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

गावबंदीविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. वेशीवर पाटी लावल्याने पुढाऱ्याची एक अडचण दूर होते. त्याला उत्तर द्यावे लागत नाही. त्याला आत बोलवा, सतरंजीवर बसवा आणि तीन तास उठू देऊ नका. याला तो जास्त भितो.

घोडेगावच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो? दात पाहतो, दोनदाती की जुळलेला ते ठरवितो. खांद्यावर हात फिरवितो, चालवून पाहतो, जमल्यास जुंपून पाहतो. हेड्याच्या गोड बोलण्यावर दावे सोडीत नाही. आणि उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरू लागला, की जवळच्या पोरालाही कळते, की आता जे चालले आहे ते आपल्याला दाखवावयाचे नाही. आपल्या समाजाच्या संघटनांचा पाठिंबा बहुतकरून या उपरण्याखाली ठरतो. महामंडळावर नेमणूक, सभागृहासाठी निधी, अध्यक्षांच्या मुलाला पंचायत समितीचे तिकीट! बोटे कोणती दाबली हे उपरण्यालाच ठाऊक. ज्याच्या नावावर सौदा झाला त्या सुताराच्या घरात मात्र वाकसही नवा येत नाही.

तर मग मधल्या वाटेच्या एखाद्या मंडळाने उमेदवार कसा पारखावा? आम्हांस जे सुचते ते सांगतो.

आधी दात पाहावे. २००२ व २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवारास आपल्यावरील खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. ते निवडणूक आयोग सर्वांस पाहावयास ठेवतो. हे कागद गावात मोठ्याने वाचले जात नाहीत, हे आमचे दुर्दैव. पाच वर्षांपूर्वीचे प्रतिज्ञापत्र व आताचे शेजारी शेजारी ठेवून आकडे वाचावे. टीका करू नये, नुसते आकडे वाचावे. वजाबाकी आमच्या चौथीच्या मुलांनाही येते.

मग प्रश्न असे विचारावे, की उत्तरात तारीख, काम किंवा कागद यावाच लागेल. कांद्याची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली व ४ मे २०२४ ला उठली. आपल्याकडे लोकसभेचे मतदान १३ मे रोजी झाले. त्या पाच महिन्यांत तुम्ही कोणास पत्र लिहिले, त्याची प्रत दाखवा. शेतकऱ्याविषयी प्रेम आहे काय हे विचारूच नये, प्रत मागावी. निळवंडे धरणास मंजुरी १९७० सालची, आणि डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. त्रेपन्न वर्षे! मंजुरीच्या साली जन्मलेला मुलगा या काळात आजोबा होण्याच्या वयाला आला. मधल्या प्रत्येक निवडणुकीत ते पाणी भाषणातून वाहिलेच असेल. म्हणून यापुढे कोणी कालवा, चारी किंवा पूल बोलला, की कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात, हे तेथल्या तेथे लिहून घ्यावे. वीस पटाखालच्या शाळांचे काय करणार, हाही प्रश्न घालावा. २०२३ साली समूह शाळांचा विचार निघाला तेव्हा वाड्या-वस्त्यांवरच्या आयांच्या पोटात गोळा उठला होता. यात आमचाही स्वार्थ आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पण चार वर्षांची पोर ओढा ओलांडून किती लांब जाणार, हा प्रश्न काही आमच्या पगाराचा नव्हे.

प्रश्न ठरविण्याच्या बैठकीस बायकांस आधी बसवावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी असे कायद्यातच आहे. ती किती गावांत कागदावर होते ते आम्ही येथे लिहीत नाही. पुरुषांच्या बैठकीत प्रश्न निघतो रस्त्याचा, बायकांच्या बैठकीत निघतो नळाच्या वेळेचा, रेशनच्या अंगठ्याचा, बचत गटाच्या कर्जाचा. दोन्ही एकत्र केल्या की बायका पदर सावरून गप्प बसतात आणि नळाची वेळ राहून जाते.

उत्तरे ऐकल्यावर ठराव हात वर करून घेऊ नये. हात वर केला की सावकार पाहतो, कारखान्याचा माणूस पाहतो, भाऊबंद पाहतात. चिठ्ठ्या टाकाव्या. आणि निकाल सांगताना किती जणांनी कोणास पसंत केले, हे आकड्यांनिशी सांगावे. "सर्वानुमते" हा शब्द आम्हांस फार संशयाचा वाटतो. ऐंशी विरुद्ध पंचावन्न असा पाठिंबा असेल तर तसाच छापावा. वाचणाऱ्यास कळू द्या, की पंचावन्न शहाण्या माणसांना दुसरा बरा वाटला. उमेदवार यामुळे नाराज होईल. होऊ द्यावा.

सर्वानुमतेच्या हट्टाने काय होते याचा दाखला शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मिळतो. जानेवारी २०२१ मध्ये देवळा तालुक्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांची चक्क बोली लागली होती. पैसा देवळासाठी, असे समर्थन झाले. देव तरी काय बोलणार? बिनविरोध या गोंडस नावाखाली ज्याच्या खिशात जास्त तो गावाचा कारभारी! याउलट आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. पोपटराव पवारांच्या त्या गावात तीस वर्षे निवडणूक बिनविरोध झाली होती. २०२१ साली विरोधात उमेदवार उभे राहिले, मतदान झाले, आणि पवारांच्या बाजूचे सातही सदस्य निवडून आले. गाव बुडाले नाही. उलट ज्यांना वेगळे म्हणावयाचे होते त्यांना ते चिठ्ठीने म्हणता आले.

पाठिंबा द्यावयासारखा एकही उमेदवार नसेल तर? तर तसा ठराव करावा व तोही छापावा. २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असे बटण आहे. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत त्या बटणाने कोणी पडत नाही, ज्याला जास्त मते तोच निवडून येतो, हे आम्ही जाणतो. पण या खेपेस आमचा कोणासही पाठिंबा नाही असे म्हणण्याची ताकद ज्या मंडळात नाही, त्याच्या पाठिंब्यास पुढल्या खेपेस कोणी विचारणार नाही. दर वर्षी पास होणाऱ्या वर्गाची जशी कोणी तपासणी करीत नाही, तशातलाच हा प्रकार.

जातीच्या नावाने पत्र देणाऱ्या बांधवांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणे हा निवडणूक कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार आहे. मुंबईतील सांताक्रूझच्या एका निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंह यांच्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन अशा मताने, ही बंदी मतदाराच्या जातधर्मालाही लागू आहे असे सांगितले. तेव्हा "आपल्या समाजाचा म्हणून" असे लिहिलेले पत्र उमेदवाराच्याच गळ्यात अडकू शकते. कुंभाराला माती कोठून मिळणार, वीटभट्टीचा परवाना कसा मिळणार, लोहाराच्या भात्याच्या जागी वीज कोणत्या दराने येणार, याविषयी उमेदवाराने काय कबूल केले ते लिहावे. जातीची गाऱ्हाणी मांडण्यास कोणी मना केलेले नाही. मना आहे ती जातीच्या नावावर मत मागण्यास.

आणि पाठिंबा दिला म्हणजे काम संपले असे होता कामा नये. मंडळाने उमेदवाराची उत्तरे एका वहीत उतरून, त्याची सही घेऊन, ती वही गावच्या वाचनालयात किंवा देवळात ठेवावी; आणि निवडून आल्यानंतर एक वर्षाने, त्याच जागी, त्याच सतरंजीवर, त्याला पुन्हा बोलवावे. तो आला नाही तर रिकाम्या सतरंजीसमोर वही वाचावी. राळेगणच्या सतरा कलमांचे पुढे काय झाले हे विचारण्यास कोणाकडे अशी वही नव्हती, आणि ज्यांनी ती मान्य केली त्यांच्याही लक्षात ती राहिली असतील असे आम्हांस वाटत नाही.

इतका खटाटोप करण्यास वेळ कोठे, असे कोणी म्हणेल. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस व मतदान यांत कायद्याने निदान चौदा दिवस ठेवावे लागतात, आणि मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. म्हणजे हातात उरले बारा दिवस. तेवढ्यात उमेदवार बोलावून उत्तरे घेणे जमेल. प्रश्न ठरविणे जमणार नाही. प्रश्न आधीच ठरले पाहिजेत. आणि येथे एका गोष्टीचा विसर पडू देऊ नये. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणीची बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांकडे निघून जातात. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, ती नेमकी याच दिवसांत. त्या बिऱ्हाडांनी मतासाठी गावी यावे म्हणून पुढारी गाड्या धाडतात, पण प्रश्न विचारण्याच्या बैठकीस त्यांना कोणी बोलावीत नाही. म्हणून ज्या मंडळाला हे काम मनापासून करावयाचे असेल, त्याने आपली पहिली बैठक पोळ्यानंतर व दसऱ्याच्या आत, ती माणसे गावात असतानाच, आणि शक्य तर त्यांच्याच वस्तीवर घ्यावी.